पान वाळतं म्हणून गळत नाही

डाळिंबाचा बहार धरताना बागेला आधी पाण्याचा ताण देतात, मग इथिलीन सोडणारं इथेफॉन फवारतात आणि थोड्याच दिवसांत पानगळ होते. पाणी तोडलं, पानं सुकली, म्हणून गळली, असं वरवर वाटतं. पण झाडावर मोडून लोंबणाऱ्या फांदीची पानं कोरडीठाक होऊनही कितीतरी दिवस तिला चिकटून असतात. म्हणजे वाळणं वेगळं, गळणं वेगळं. गळण्यासाठी देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर जिवंत लागतो, कारण पान सोडवण्याचं काम तोच करतो.

तो थर कधी कामाला लागतो, हे ऑक्सिन आणि इथिलीन या संप्रेरकांच्या तोलावर ठरतं. निरोगी पात्यात ऑक्सिन तयार होऊन देठाकडे वाहत असतं, आणि ते पोचतं तोवर हा थर इथिलीनला दाद देत नाही. पातं कापून नुसता देठ ठेवला तर तो काही दिवसांत गळतो. कापलेल्या टोकाला ऑक्सिन लावलं तर टिकून राहतो. ऑक्सिन आटलं की इथिलीनचा निरोप पेशीकेंद्रापर्यंत जातो आणि तिथे ईआयएन३ हे प्रथिन गळतीशी संबंधित जनुकं चालू करतं. त्यांच्यामुळे सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज ही विकरं बनतात व पेशीभित्तिका आणि पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळवतात. मागे राहणाऱ्या पेशी जखम झाकून घेतात. अराबिडॉप्सिसमध्ये आयडीए हे जनुक निकामी असेल तर फुलाच्या पाकळ्या सुकतात, पण गळत नाहीत. वाळणं आणि गळणं वेगळं असल्याचा हा जनुकांच्या पातळीवरचा पुरावा.

मग ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचं काय? १९६०च्या दशकात कपाशीच्या बोंडांतून ते वेगळं केलं गेलं, तेव्हा गळतीचं श्रेय त्यालाच मिळालं होतं. पुढे दिसलं की त्याचं मुख्य काम पाणीटंचाईत पर्णरंध्रं मिटवण्याचं आणि बीज सुप्त ठेवण्याचं आहे. गळतीवर त्याचा परिणाम बहुतेकदा इथिलीनच्या वाटेनं होतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: इथिलीनच पान गाळत असेल, तर ताणाचा खटाटोप कशाला, औषधाची मात्राच वाढवावी. पण ताणात पानाकडून येणारं ऑक्सिन कमी होतं आणि थर इथिलीनला संवेदनशील बनतो. ही तयारी नसताना मात्रा वाढवणं म्हणजे कोवळ्या शेंड्यांना इजा करणं. कपाशीत पातेगळ रोखायला एनएए हे कृत्रिम ऑक्सिन फवारतात, ते याच तोलाची दुसरी बाजू सावरण्यासाठी. म्हणून फवारणीआधी औषधाच्या मात्रेइतकाच झाडाच्या अवस्थेचाही विचार व्हायला हवा. औषध फक्त इशारा देतं. पान सोडतं ते झाडच.