अळूचे भाऊबंद

केंदूर हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील गाव. या भागात पाऊस बेताचाच. म्हणून अळू दिसावयाचा तो विहिरीजवळ, नाहीतर मोरीच्या सांडपाण्यावर. येथील मुले पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात गेली, तर अळूचे कितीतरी भाऊबंद त्यांना भेटतील. दिसावयास ते सारखे. पण सारेच खाण्याजोगे नव्हेत.

या कुलातील वनस्पतींच्या अंगी कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चे पान चावताच ते जिभेत व घशात रुततात. मग आग होते, खाज सुटते, प्रसंगी घसाही सुजतो. म्हणूनच आपल्याकडे अळूच्या भाजीत चिंच घालून ती चांगली शिजवितात.

प्रथम अळू व कासाळू पाहा. अळूचा देठ पानाच्या खाचेत जुळत नाही. तो थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो. त्यामुळे पानाचे टोक खाली झुकते. पानावर पडलेले पाणी मोत्यासारखे घरंगळून जाते. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. वाढलेल्या कासाळूचा देठ मात्र थेट खाचेपाशी जुळतो आणि पानाचे टोक आकाशाकडे वळलेले असते.

सुरण व शेवळा यांचा फुलोरा पान येण्यापूर्वीच जमिनीतून वर येतो. फुलोऱ्याच्या दांड्यास स्थूलकणिश व त्याभोवतीच्या आवरणास महाछद म्हणतात. सुरणाच्या दांड्याचा शेंडा रुंद व सुरकुतलेला, तर शेवळ्याचा लांब, निमुळता व काळपट जांभळा. दोन्हींना कुजक्या मांसासारखी दुर्गंधी येते; कीटकांना मात्र ते आमंत्रणच वाटते! ठाणे-रायगडकडील लोक कोवळी शेवळे निवडून काकडाच्या आंबट फळांसह शिजवितात.

सापकांद्यापासून मात्र दूरच राहावे. तो विषारी आहे. त्याचा महाछद नागाच्या फणीसारखा पुढे वाकलेला असतो. महाबळेश्वरकडील पांढऱ्या सापकांद्याच्या पर्णिका छत्रीच्या काड्यांप्रमाणे देठाच्या एकाच टोकापासून पसरतात. शेवळ्याचे पान आधी तीन फाट्यांत विभागते व मग प्रत्येक फाटा पुन्हा चिरत जातो.

केवळ एका खुणेवर विसंबून राहू नये. देठ, पान, फुलोरा आणि ऋतू या चारींची साक्ष जुळली, म्हणजे ओळख पटली असे समजावे. ही पारख रानात वावरणाऱ्या जाणत्या माणसांजवळ बसून शिकावी. आणि वनस्पती ओळखावी ती डोळ्यांनी. जिभेने कधीही नव्हे.