मलकापूरचे अखंड पाणी

महाराष्ट्रातील बहुतेक लहान शहरांत घराघराचा दिवस नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याने नेमून दिलेल्या घटकेला सुरू होतो. पाणी पहाटे पाचला सुटणार असेल तर गृहिणी साडेचारला उठते. दिवसाआड येणार असेल तर धुणे, पाहुणे, सणासुदीचा स्वयंपाक आणि घरातील आजाऱ्याचे अंथरूण धुणेसुद्धा त्या एका दिवसाची वाट पाहते. तास-दीड तासाच्या अवधीत हंडे, कळश्या, पिंपे, बादल्या, न्हाणीघरातील हौद आणि गच्चीवरील टाकी ही सारी भरून घ्यावयाची, आणि पुढील पाळीचे पाणी आले म्हणजे उरलेले सारे ‘शिळे’ ठरवून मोरीत ओतून द्यावयाचे, हा क्रम इतक्या पिढ्या चालत आला आहे की पाणी हे स्वभावतःच वेळेवर येणारे व वेळेवर जाणारे असते, असा आपला समज होऊन बसला आहे.

हा समज मोडून काढण्याचे काम सातारा जिल्ह्यातील एका छोट्या गावाने केले. हे गाव कराडलगतचे मलकापूर. बुलढाणा जिल्ह्यातील किंवा कोल्हापूरकडील शाहूवाडी तालुक्यातील त्याच नावाच्या गावांशी त्याचा घोटाळा होऊ नये. कराडची नगरपालिका जुनी, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याच्या आधारे १८५५ मध्ये स्थापन झालेली. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या या शहराने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकवस्तीच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला. मलकापूरला असा पूर्वेतिहास नाही. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोहो अंगांना, मोठे रुग्णालय, महाविद्यालये आणि नोकरदारांच्या वसाहती यांच्या आश्रयाने ते पाहता पाहता वाढले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, नगरपंचायतीची नगरपरिषद झाली. तीसेक हजार वस्तीच्या या गावाने विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्हे, तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आपली नवी पाणीयोजना आखतानाच ठरवले की नळाला पाणी अहोरात्र राहील. ज्या काळी पुण्यामुंबईच्या पालिकांनाही हे साधलेले नव्हते, त्या काळी एका ग्रामीण म्हणाव्या अशा संस्थेने हा संकल्प सोडला, हे धाडस मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आदरणीय वाटते.

अखंड पुरवठा म्हणजे पाण्याची उधळपट्टी, असा पहिला आक्षेप कोणत्याही सर्वसाधारण सभेत हमखास घेतला जातो. तो खोडून काढण्यासाठी जमिनीखाली काय घडते ते पाहिले पाहिजे. पाणी सुटण्याच्या वेळेत नळी दाबाखाली असते, आणि जेथे जेथे तडा, गंजलेले भोक किंवा सैल सांधा असेल तेथून पाणी बाहेर झिरपते. पाळी संपून झडप बंद झाली की नळी रिती होऊ लागते, तिच्यात पोकळी निर्माण होते, आणि ज्या भोकातून मघाशी पाणी बाहेर गेले त्याच भोकातून आता भोवतालच्या ओल्या मातीतील, शेजारून वाहणाऱ्या गटारातील घाण आत ओढली जाते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी फिरवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरीन मिसळून निर्मळ केलेले पाणी घरी पोहोचेतो दूषित होते ते अशा रीतीने. पावसाळ्यात एखाद्या आळीत कावीळ किंवा अतिसाराची साथ उद्भवली की आरोग्य खाते पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवते आणि पाणीपुरवठा खाते नळाला मोटार लावणाऱ्या नागरिकांकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, कारण थेट नळाला जोडलेली मोटार ही पोकळी अधिकच वाढवते. परंतु ज्याच्या घरी नळाची धार करंगळीएवढी पडते आणि शेजारी मोटार लावून सारे पाणी ओढून नेतो, त्या माणसाला केवळ सूचनाफलक वाचून मोटार काढण्याची सुबुद्धी कशी व्हावी? नळी सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली तर बाहेरची घाण आत शिरण्यास वाटच उरत नाही, आणि मोटारीचे प्रयोजनही संपते.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. उद्या पाणी येईल की नाही याची शाश्वती नसलेला माणूस आपल्या गरजेहून अधिक भरून ठेवतो, आणि नवे पाणी आले की जुने ओततो. शिवाय पाण्याच्या वेळेआधी उघडी ठेवलेली, पुष्कळ ठिकाणी तोटी नसलेली चावी पाणी येताच मोकाट वाहू लागते. ज्याला केव्हाही चावी फिरवली की पाणी मिळते तो लागेल तेवढेच घेतो. धान्याचा तुटवडा असल्याची आवई उठली की घराघरांत पोती जमा होतात आणि बाजार सुरळीत झाला की महिन्याचा किराणा पुरेसा वाटू लागतो, तसाच हा व्यवहार आहे.

तरीही नुसत्या विश्वासावर नळी भरलेली राहत नाही. जुन्या, चाळणी झालेल्या नळ्यांत चोवीस तास पाणी सोडणे म्हणजे चोवीस तास गळती सुरू ठेवणे होय. म्हणून खरा खर्च आणि खरे कौशल्य वितरण-व्यवस्थेत असते. मलकापूरची योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांच्या साहाय्याने आखली गेली. गावाचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक चढउतार आणि प्रत्येक घर नकाशावर घेऊन, कोणत्या नळीत कोणत्या प्रहरी किती दाब राहील याचे गणित संगणकावर मांडण्यात आले, आणि त्यानुसार नळ्यांचे व्यास ठरवण्यात आले. लोखंडी नळ्यांच्या ऐवजी पॉलिथिनच्या नळ्या घालण्यात आल्या, ज्यांचे सांधे तापवून एकजीव करता येतात आणि ज्यांना गंज चढत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुख्य नळीपासून घरापर्यंतची जोडणीही बदलण्यात आली. कोणत्याही शहरातील गळतीचा मोठा हिस्सा मोठ्या नळ्या फुटल्यामुळे होत नाही. तो या हजारो किरकोळ जोडण्यांतून, फेरूलच्या सांध्यांतून, दहा दहा वर्षांपूर्वी कुणा फिटरने घाईने घातलेल्या गंजक्या पायपांतून थेंबाथेंबाने होतो. या जोडण्या नागरिकाच्या मालकीच्या मानल्या जात असल्याने पालिका त्यांना हात लावीत नाही, आणि त्या जमिनीखाली दडलेल्या असल्याने नागरिकाला त्यांची वार्ताही नसते. मलकापुरात हे अनाथ अंतर योजनेच्या पोटात घेतले गेले. असल्या कामाचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिलाही कोठे बसत नाही. पण अखंड पुरवठ्याचे सारे यश त्यावर अवलंबून आहे.

मग येतो मापकाचा प्रश्न. मीटर हा शब्द उच्चारताच लहान शहरांत वातावरण तापते, आणि मला हा विरोध सर्वस्वी अडाणीपणाचा वाटत नाही. पाळीने येणाऱ्या पाण्यात प्रत्येक वेळी पाण्याच्या आधी नळीतील हवा बाहेर पडते आणि तीही मीटरचे चक्र फिरवते; ‘हवेचे बिल आम्ही का भरावे’ हा नागरिकाचा सवाल अशा ठिकाणी न्याय्यच असतो. नळी सदैव भरलेली असली की हवेला जागा राहत नाही आणि मीटर खरे बोलू लागतो. म्हणजे मापक आणि अखंड पुरवठा या गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात: मापकावाचून अखंड पाणी पालिकेला परवडणार नाही, आणि अखंड पाण्यावाचून मापकाचा आकडा नागरिकाने मानू नये. मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, त्यांचे वाचन रेडिओ लहरींच्या साहाय्याने दारात न शिरता करण्याची सोय केली, आणि दर चढत्या श्रेणीचा ठेवला. घरगुती गरजेपुरते पाणी स्वस्त, त्यापुढचे महाग, आणि बागबगीचा व मोटारगाडी धुण्यासाठी लागणारे आणखी महाग. वार्षिक ठरावीक पाणीपट्टीच्या जुन्या पद्धतीत दोन खोल्यांतील विधवा आणि चार मजली इमारतीचा धनी पुष्कळदा एकाच दराने भरणा करीत. आकारणीतील हा अन्याय आपण इतकी वर्षे मुकाट्याने चालू दिला, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही.

आणखी एक बदल कोणत्याही अहवालात ठळकपणे सापडत नाही, पण मला तो मोलाचा वाटतो. पाळीच्या पाण्यात सर्वांत मातब्बर माणूस म्हणजे रस्त्यातील झडप उघडणारा कर्मचारी. तो दहा मिनिटे लवकर आला की एका आळीत आनंद आणि दुसऱ्या आळीत भांडण. त्याच्यावर नगरसेवकाचा दाब, मुकादमाची मेहेरनजर, वजनदार रहिवाशाची शिफारस. त्या बिचाऱ्याची परिस्थिती हेवा करण्याजोगी कधीच नसते, कारण साऱ्या गावाची चिडचिड पहाटे त्याच्याच वाट्याला येते. मर्जीने मिळणारे पाणी माणसाला आश्रित बनवते; आणि जेथे झडप उघडण्याबंद करण्याचेच कारण उरले नाही तेथे वशिल्याचे एक मोठे दुकान आपोआप बंद होते. त्या कर्मचाऱ्याच्या हाती आता गळती शोधण्याचे, दाब मोजण्याचे आणि घरोघरच्या नळांवर क्लोरीनची चाचणी घेण्याचे काम येते. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत उरले पाहिजे, हा भारतीय मानकाचा दंडक; तो पाळला जातो की नाही हे परीक्षानळीतील पिवळ्या छटेवरून क्षणात कळते.

अखंड वाहणारे पाणी आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित होते असेही नाही. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पुण्यास पाणी आणले तेव्हा ते उताराच्या जोरावर वाहत येऊन शहरातील हौदांत पडत असे, आणि त्याला ना पंपाची वीज लागे ना पाळीचे वेळापत्रक. खुद्द कराडात पंताच्या कोटाजवळील नकट्या रावळाची विहीर, तिची ती खोल उतरत जाणारी दगडी पायऱ्यांची रांग, एका जुन्या वसाहतीने आपल्या पाण्याची काळजी किती निष्ठेने घेतली होती याची साक्ष देते. आधुनिक नगरपालिकांनी पाणी घरात आणले ही मोठीच गोष्ट. परंतु वस्ती वाढत गेली तशी टंचाईच्या उन्हाळ्यात तात्पुरती म्हणून स्वीकारलेली पाळी कायमची झाली, आणि धरणे भरलेली असतानाही ती कुणी मागे घेतली नाही.

मलकापूरचा धडा सर्वत्र जसाच्या तसा गिरवता येईल, असे मात्र म्हणवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. जेथे उगमच आटला तेथे नळ्यांची शुद्धता पुरेशी पडत नाही. मलकापूरचे भाग्य असे की त्याच्या उशाशी कोयना आहे आणि कोयनेच्या मागे धरण. शिवाय नव्याने वसलेल्या गावात नळ्या नव्याने घालणे सुकर. दोनशे वर्षांच्या पेठांमधून, विजेच्या तारा, दूरध्वनीच्या वाहिन्या आणि जुनी गटारे चुकवत त्या घालणे फार बिकट. म्हणूनच हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी येथे कर्नाटकाने हा प्रयोग आधी निवडक प्रभागांपुरता केला, आणि एक प्रभाग साधल्यावरच पुढच्याचा विचार केला. आपल्याकडील मध्यम शहरांना हाच मार्ग श्रेयस्कर वाटतो. सारे शहर एकदम खणून ठेवायचे आणि निधीचा हप्ता थांबला की चर तसेच उघडे टाकायचे, हे दृश्य आपण पुरेसे पाहिले आहे.

आता खुद्द मलकापूरपुढे जे प्रश्न आहेत ते यशातून निपजलेले आहेत. महामार्गालगत इमारती वाढत आहेत, आणि ज्या वस्तीचे गणित मांडून नळ्यांचे व्यास ठरवले होते ती वस्ती ओलांडली जाणार हे उघड आहे. बांधकाम परवानगी देणारे खाते आणि पाणीपुरवठा खाते यांनी एकमेकांचे दप्तर पाहिल्याशिवाय दाब टिकणार नाही. मीटरचे आयुष्य मर्यादित असते. बंद पडलेला मीटर वेळीच बदलला नाही आणि सरासरीने बिल पाठवण्याचा सोपा पायंडा पडला, तर चढत्या दराची सारी न्यायव्यवस्था कोसळेल. पंपाच्या विजेचे देयक दरमहा भरावेच लागते, आणि निवडणुकीच्या वर्षी दरवाढीचा ठराव तहकूब ठेवण्याचा मोह कोणत्याही सभागृहाला होतो.

आणि घरात आलेले पाणी घराबाहेर जातेच. अभियंत्यांच्या ठोकताळ्याप्रमाणे पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते उघड्या गटारांतून पुन्हा त्याच कोयनेला आणि पुढे कृष्णेला मिळाले तर खालच्या गावांच्या जॅकवेलमध्ये आपलीच घाण पोहोचवल्यासारखे होईल. त्यासाठी भुयारी गटारे, शुद्धीकरण केंद्र आणि प्रत्येक घराच्या मोरीपासून त्या गटारापर्यंतची जोडणी हवी. ही शेवटची जोडणीही पुन्हा नागरिकाची की पालिकेची, या वादात अडकते. नळाच्या बाबतीत मलकापूरने हा वाद ज्या पद्धतीने मिटवला, म्हणजे दारापर्यंतचे काम योजनेच्या खर्चातच धरून, तीच पद्धत गटाराच्या अंदाजपत्रकात प्रारंभीच लिहिली जावी, आणि ते लिहिले जाईपर्यंत कोणत्याही नव्या रस्त्यावर काँक्रीट ओतले जाऊ नये.