सहनिवास, सहकारी

स्वेच्छेने एकत्र आलेल्या कुटुंबांनी जमीन, बांधकाम, कर्ज व देखभाल यांचा भार समाईकपणे उचलून उभारलेली वसाहत. तीत प्रत्येक कुटुंबाचे घर स्वतंत्र असते. मात्र अंगण, सभागृह, पाण्याची सोय, क्वचित स्वयंपाकघरही सर्वांचे असते. घरांच्या किमती वेतनापेक्षा वेगाने वाढू लागल्या की, हा मार्ग सामान्य कुटुंबास परवडेल काय, असा प्रश्न पुढे येतो. त्याचा विचार करताना घर प्रथम किती किमतीस पडते एवढेच पाहून भागत नाही. पहिला सभासद ते सोडून जाताना किती किमतीस देतो, हेही पाहावे लागते. या दुसऱ्या अंगाकडे महाराष्ट्रात फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

यूरोपात या प्रकाराचा आधुनिक उगम डेन्मार्कमध्ये मानतात. यान गुडमन-होयर या वास्तुशिल्पज्ञाने १९६४ च्या सुमारास त्याची कल्पना पुढे आणली आणि १९७२ मध्ये हिलरॉड शहरानजीक सेटेडामेन ही या धर्तीची पहिली वसाहत उभी राहिली. महाराष्ट्रीय वाचकास वाड्याचा चौक व चाळीची गॅलरी ठाऊक असल्याने सहनिवासाचे त्यास नवल वाटू नये. तथापि वाडा व चाळ यांची मालकी सामान्यतः राहणाऱ्यांकडे नव्हती. राहणाऱ्यांची समाईक मालकी ही सहकारी चळवळीची देणगी होय.

१९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर प्रयोजनांसाठीही सहकारी संस्था नोंदविता येऊ लागल्या. श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. ही आशियातील पहिली गृहनिर्माण संस्था समजली जाते. ती भाडेकरू-सहभागीदारी पद्धतीची होती. म्हणजे जमीन व इमारत संस्थेची आणि सभासद हा भागधारक व संस्थेचाच भाडेकरू. भाडेकरू-मालकी या दुसऱ्या पद्धतीत जमीन संस्थेकडे राहते, पण घर सभासद आपल्या खर्चाने बांधतो व ते त्याचे असते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील नियमांनी हे दोन्ही प्रकार मान्य केले. पुण्यात १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांच्या अनेक संस्था शासकीय जमिनीवर वसल्या.

१९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्यानंतर मात्र चित्र पालटले. आज सोसायटी म्हणजे बहुधा विकसकाने बांधून विकलेल्या सदनिकांच्या धारकांची, मागाहून नोंदलेली, देखभालीपुरती संस्था. नाव सहकाराचे राहिले. जमीन शोधणे, आराखडा ठरविणे, खर्चावर नजर ठेवणे ही मूळची कामे विकसकाकडे गेली आणि त्यांबरोबर बचतही गेली. सभासदांनी स्वतः बांधल्यास मुख्यतः विकसकाचा नफा व विक्रीखर्च वाचतो. जमिनीची किंमत, बांधकामसाहित्य व कर्जाचे व्याज सहकारामुळे आपोआप कमी होत नाही. म्हणून जेथे किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचा असतो, तेथे सहकाराने होणारी बचत त्या मानाने अल्पच ठरते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष पाहता येतो. शिरूर तालुक्यात शिक्रापूर, सणसवाडी व रांजणगाव येथे आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे कारखानदारी वाढली. दौंड हे सोलापूर, मनमाड व बारामतीकडील लोहमार्गांचे जंक्शन असल्याने पुण्यात नोकरी करून तेथे राहणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात दोन्ही तालुक्यांचा काही भाग आला. कालव्याखालील उसाची जमीन शेतकरी सहसा सोडत नाही. रस्त्यालगतची सोडतो ती घराच्या नव्हे, गोदामाच्या भावाने.

अशा स्थितीत कामगार गुंठ्याकडे वळतो. एक गुंठा म्हणजे सु. १०१ चौ. मी. (१,०८९ चौ. फुट). १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीस बंधन घातल्याने अनेकांनी मिळून एक क्षेत्र घ्यावयाचे आणि सातबारावर सर्वांची नावे समाईक लावावयाची, अशी वाट रूढ झाली. ही खरेदी सामूहिक असली, तरी सहकारी नव्हे. हद्दी मोजलेल्या नसतात, रस्ता तोंडी ठरलेला असतो, जमीन बिगरशेती झालेली नसल्याने बँक गृहकर्ज देण्यास कचरते आणि एका सहधारकाचा वाद सर्वांना भोवतो. आयुष्याची बचत अशा कागदावर अडकते. वास्तविक तीच दहा कुटुंबे नोंदणीकृत संस्था म्हणून वीस गुंठे घेतील, तर मंजूर आराखड्यात दुमजली घरे एका बाजूस बसवून एकच विहीर, एकच मैलाटाकी व मोकळे अंगण त्यांना मिळू शकते. अडचण आहे ती मुदतीची. जमिनीचा शोध, बिगरशेती परवानगी व बांधकाम यांत वर्षे जातात आणि तोपर्यंत सभासदास भाडे व हप्ता दोन्ही भरावे लागतात. कंत्राटी कामगार या काळातच गळतो. उरतात ते पगारदार, ज्यांना बाजारातील घरही कदाचित परवडले असते.

ही अडचण सोलापूरच्या विडी कामगारांनी संघटनेच्या बळावर ओलांडली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहून २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. पुढे ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेखाली प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये अनुदान होते. शहराबाहेरची स्वस्त जमीन विडी कामगारांस चालली, कारण विड्या घरी वळता येतात. रांजणगावच्या पाळीवर जाणाऱ्यास कारखान्यापासून दूरची स्वस्त जमीन तितकी स्वस्त पडत नाही.

पुनर्विक्रीच्या बाबतीत इंग्लंडमधील लीड्स येथील लायलॅक ही २० घरांची वसाहत (२०१३) उल्लेखनीय आहे. तेथे मालकी संस्थेची असते, सभासद निव्वळ उत्पन्नाच्या सु. ३५ टक्के मासिक हप्ता देतो व सोडून जाताना त्याच्या हिश्शाचे मोल बाजारभावाशी नव्हे, तर सरासरी उत्पन्नाशी जोडलेले असते. यूरग्वायमधील परस्परसाहाय्य संस्थांत सभासद बांधकामावर स्वतः श्रम करतात, त्यांस निवासाचा हक्क मिळतो आणि घर संस्थेचेच राहते. महाराष्ट्रात याच्या उलट घडते. २००१ च्या शासननिर्णयानुसार हस्तांतरणाच्या वेळी संस्था अधिमूल्य म्हणून महानगरपालिका क्षेत्रात कमाल २५,००० रु., तर ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रु. घेऊ शकते. ही मर्यादा संस्थाचालकांच्या मनमानीस आळा घालण्यासाठी होती व ते योग्यच होते. परंतु जमिनीची सर्व मूल्यवाढ त्यामुळे जाणाऱ्या सभासदाच्या पदरात पडते आणि पुढचे कुटुंब बाजारभावानेच आत येते. आदर्श उपविधींत विक्रीच्या किमतीवर मर्यादा नाही. शासकीय जमिनीवरील भोगवटादार वर्ग दोनच्या संस्थांत हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते व अनर्जित उत्पन्नाचा हिस्सा भरावा लागतो. तो मात्र संस्थेच्या निधीत न जाता शासनाच्या तिजोरीत जातो. २०१९ च्या नियमांनी अशा जमिनी अधिमूल्य भरून वर्ग एकमध्ये आणण्याचीही सोय केली.