उन्हाळी सहलीसाठी बुलढाणा

लोणार : उल्काघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले सरोवर, विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. २०२० पासून रामसर स्थळ. तळ्याचे पाणी खारट, पण काठावरच्या धारेचे पाणी गोड आणि बारमाही. भर उन्हाळ्यातही ही धार गोमुखातून कुंडात पडत असते. गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

ज्ञानगंगा अभयारण्य : बुलढाणा-खामगाव रस्त्यावर, बोथा घाटाच्या परिसरात. अस्वल आणि बिबट्यांचे जंगल. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालत २०१९ मध्ये इथे पोहोचला होता.

अंबाबरवा अभयारण्य : संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग.

राजूर घाट : बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा वळणांचा रस्ता. संध्याकाळी वारा छान सुटतो.

सिंदखेडराजा : जिजाऊंचे जन्मस्थान. राजवाडा आणि मोती तलाव सकाळीच पाहून घ्या.

लक्षात ठेवा : सकाळी अकरा ते दुपारी चार ऊन टाळा. पाणी, टोपी, शिदोरी सोबत घ्या. अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या. वाळल्या गवताला ठिणगीही पुरते. जंगलात चूल पेटवू नका, विडी-सिगारेट ओढू नका आणि कचरा परत आणा.