चोर सोडून बोर्डाला फाशी

घरच्या घरी आर्केड मशीन बांधायला घेतलं, प्लायवूडचं कॅबिनेट उभं राहिलं, जुना मॉनिटर आत बसला, पडद्यावर ‘मुस्तफा’ही अवतरला (कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’; आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये हे लांबलचक नाव कोण घेतंय!) आणि उडीचं बटणच दाद देईना. अशा वेळी हौशी मंडळी सरळ नवा एन्कोडर बोर्ड (बटणं संगणकाला जोडणारा) मागवतात. बोर्ड येतो, बसतो. मुस्तफा मात्र जमिनीवरच.

‘बटण चालत नाही म्हणजे बोर्ड गेला’ हा या छंदातला सगळ्यांत महागडा गैरसमज. बोर्डाचं काम अगदी साधं असतं. प्रत्येक इनपुटवर तो थोडं व्होल्टेज धरून ठेवतो. बटण दाबलं की ते इनपुट ग्राउंडला जोडलं जातं, व्होल्टेज शून्यावर येतं आणि बोर्ड यूएसबीवरून संगणकाला वर्दी देतो. बटण लाल आहे की निळं, जपानी आहे की लोकल, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणूनच त्याची परीक्षा बटणाशिवायही घेता येते. बंद पडलेल्या बटणाची वायर बोर्डावरून काढा आणि वायरीच्या छोट्या तुकड्याने ते इनपुट ग्राउंडला टेकवा. विंडोजच्या गेम कंट्रोलर सेटिंगमध्ये बटणांचे दिवे दिसतात. बोर्ड कीबोर्डसारखा वागणारा असेल, तर नोटपॅडमध्ये अक्षर उमटतं. दिवा लागला किंवा अक्षर उमटलं की बोर्ड निर्दोष. मात्र पाच व्होल्टची पिन ग्राउंडला चुकूनही टेकवू नका, नाहीतर निर्दोष बोर्ड खरंच जाईल.

मग चोर कुठे? बहुतेक वेळा ग्राउंडच्या वायरीत. ही वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने फिरवलेली असते. मधला एक लग (वायरीच्या टोकाचा, बटणाच्या पट्टीवर बसणारा धातूचा तुकडा) निसटला की त्याच्या पुढची सगळी बटणं एकदम गप्प होतात, आणि ‘अर्धा बोर्ड जळाला’ अशी बोंब उठते. लगचं मापही पाहावं. नेहमीच्या मायक्रोस्विचला ४.८ किंवा ६.३ मिलिमीटरचे लग लागतात, जपानी धाटणीच्या बटणांना २.८ मिलिमीटरचे. मोठ्या मापाचा लग छोट्या पट्टीवर बसल्यासारखा दिसतो, पण हात लावला की हलतो. यूएसबी काढून ठेवा, मल्टिमीटर बझरवर लावा आणि वायर हलवत राहा; बीप तुटला तिथे रोग. साखळीचं शेवटचं टोक पुन्हा बोर्डाच्या ग्राउंडला आणून जोडलं, तर एक लग सुटला तरी बाकीची बटणं चालू राहतात. एवढं केलं तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

‘बटण न दाबताच गोळ्या सुटतात, बोर्ड वेडा झालाय.’ वेडाबिडा काही नाही. मायक्रोस्विचला तीन पट्ट्या असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. वायर तिसरीवर लागली, तर बटण मोकळं असताना दाबलेलं ठरतं आणि दाबल्यावर सुटलेलं. वायर नॉर्मली ओपनवर घ्या, वेड उतरेल.

जॉयस्टिक उलटी चालते ही तक्रार तर ठरलेलीच. वर ढकललं की पात्र खाली बसतं. लोक सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलत बसतात. वास्तविक दांडा मध्यावर टेकून फिरतो, त्यामुळे मूठ वर गेली की त्याचं आतलं टोक खालच्या अंगाला सरकतं आणि तिथला स्विच दाबतं. म्हणजे ‘वर’ची वायर खालच्या स्विचला लागते.

बोर्डावर मिरवणारं ‘झिरो डिले’ हे निव्वळ विक्रीचं नाव. यूएसबीवर संगणक ठरावीक अंतराने बोर्डाला विचारणा करतो, त्यामुळे शून्य विलंब कोणालाच शक्य नाही. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची होते. चित्र ‘सुंदर’ करणारा टीव्ही याहून जास्त वेळ खाऊ शकतो, तेव्हा आधी टीव्हीचा गेम मोड लावून पाहा.

आता बोर्डाची बाजू किती घ्यायची? काही वेळा दोष त्याचाच असतो. जुन्या कीबोर्डचं सर्किट काढून वापरलं, तर दोघं खेळताना न दाबलेलं बटण उमटतं किंवा दाबलेलं गिळलं जातं. त्या कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात आणि प्रत्येक कळेला डायोड नसतो. हा जुगाड दोघांच्या खेळाला चालत नाही, इथे नवा बोर्ड घ्यावाच. एकाच जातीचे दोन स्वस्त बोर्ड लावले, तर संगणक सुरू करताना पहिला खेळाडू दुसरा होऊ शकतो, कारण दोघंही आपली ओळख एकच सांगतात. आणि जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या ‘मेम’ इम्युलेटरमध्ये चौथं बटण भराभर हाणल्यावर विंडोजची खिडकी उपटत असेल, तर ते बटण म्हणजे मुळात डावी शिफ्ट कळ आहे. स्टिकी कीज बंद करा, काम झालं.

एवढं करूनही बोर्ड बदलायचाच ठरला, तर जुन्याची एकही वायर उपसण्याआधी मोबाइलवर त्याचा नीट फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा.