लेबलवरचा फोटो का फुटतो?



मागच्या अंकात ग्रामसंघाच्या बैठकीचा फोटो आला, पण त्यात कोण कोण बसलंय ते ओळखूच येईना, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. दुसरीकडे एका गटाने पापडाच्या पाकिटाची लेबलं छापून आणली, तर त्यावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर वाचता येत नव्हता. छपाईचे पैसे तर गेलेच, वर नंबर दिसत नाही म्हणून दुकानदार माल ठेवून घेईना. म्हणून फोटो का फुटतो ते एकदा समजून घेऊ.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. उंबऱ्यापुरते काढलेले ठिपके तेवढेच ठेवून अख्ख्या अंगणात पसरवले, तर रांगोळी विरळच दिसणार ना? छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणून फोटोच्या रुंदीत किती ठिपके आहेत ते बघायचं आणि ३०० ने भागायचं. तेवढे इंच तो फोटो चांगला छापला जातो. बचतीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

मोबाईलवर १२ मेगापिक्सेलचा फोटो काढला तर तो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. आडवा १३ इंच छापला तरी फुटत नाही. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ॲप त्याला लहान करून टाकतं. बहुतेक वेळा १६०० च्या आसपास ठिपके उरतात, म्हणजे पाच इंच. आणि ७२० ठिपके रुंदीचा स्क्रीनशॉट? अडीच इंचसुद्धा नाही! स्टेटसवरून स्क्रीनशॉट काढून फोटो पाठवू नका, असं मी बैठकीत सारखं म्हणते ते याचसाठी.

मग पाठवायचा कसा? पिनच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि त्यातून फोटो जोडा. मूळ फोटो जसाच्या तसा जातो. फोटो जिने काढला तिच्याच मोबाईलवरून मागवा, चार ग्रुप फिरून आलेला नको. आणि काढण्याआधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसा. मसाल्याच्या हाताची काच असेल तर पुढचं सगळं वाया.

लेबल डीटीपीच्या दुकानात करत असाल तर शेजारी बसून बघा. पेजमेकर किंवा इनडिझाईनमध्ये फोटो स्क्रीनवर जाडाभरडा दिसतो, कारण पान पटकन हलावं म्हणून तिथे हलकी प्रतच दाखवतात. त्याला घाबरू नका, ‘हाय क्वालिटी डिस्प्ले’ लावून दाखवायला सांगा. तरी फुटलेलाच दिसला तर फोटोच लहान आहे. फोटो कॉपी-पेस्ट न करता ‘प्लेस’ करायला सांगा. फाईल पेनड्राईव्हवर दुसरीकडे नेणार असाल तर मूळ फोटोही त्यात घ्या, नाहीतर छपाईत ती हलकी प्रतच उतरते. पीडीएफ करताना ‘स्मॉलेस्ट फाईल साईझ’ नको, ‘प्रेस क्वालिटी’ हवी.

परवान्याचा नंबर, वजन, किंमत, पत्ता यांचा फोटो लावूच नका. ते टाईप करून घ्या, टाईप केलेलं अक्षर फुटत नाही. पैसे घ्यायचा क्यूआर कोडही स्क्रीनशॉटचा नको. ॲपमधून डाउनलोड करून द्या, आणि एक नमुना छापून तो स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून बघा.

कुणी म्हणेल, आम्ही कॉम्प्युटरवर ठिपके वाढवून देतो. वाढतात, पण ते अंदाजाने भरलेले असतात. नंबर तर वाचता येतच नाही, आणि नव्या ॲपने चेहरा साफ केला तर कधीकधी भलत्याच बाईचा होतो! फ्लेक्सचं मात्र वेगळं आहे. तो लांबून बघायचा असतो, तिथे इंचाला ७२ ते १०० ठिपके पुरतात.

पुढच्या अंकासाठी फोटो डॉक्युमेंट करूनच पाठवा, सोबत गावाचं आणि गटाचं नाव लिहा. जमलं नाही तर गटातल्या कॉलेजच्या पोरीला मोबाईल द्या, ती दोन मिनिटांत पाठवेल.