गाजरगवताची वाटचाल

कराड येथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात. संगमाच्या भोवतालची जमीन काळी, कसदार आहे. ऊस, भुईमूग, ज्वारी ही पिके येथे चांगली येतात. परंतु पहिले दोन पाऊस पडून गेले, की या पिकांच्याही आधी दुसरेच एक रोप जोमाने वर येते. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, उकिरड्याभोवती, शाळेच्या कुंपणाशी, पडीक वावरात, जेथे पाहावे तेथे ते असते. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात आणि शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. लोक त्याला गाजरगवत म्हणतात. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, तर कोणी चटकचांदणी.

खरे पाहता ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. शेवंती, झेंडू व सूर्यफूल ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील ही वनस्पती होय. पार्थेनियम हे तिचे शास्त्रीय नाव. सूर्यफुलाशी असलेले हे नाते ध्यानात ठेवावे, कारण त्यावरून पुढे मोठा वाद माजला.

या वनस्पतीचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा अमेरिकेचा प्रदेश. आपल्या देशात तिच्या तुरळक नोंदी पूर्वीच्याही आहेत. परंतु तिचा खरा फैलाव पुण्यापासून सुरू झाला असे मानतात. १९५५ साली ती पुण्यात आढळली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी तिच्याविषयी लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून हे बी आले, असा सार्वत्रिक समज आहे. या समजात एक अडचण आहे. लोक ज्या गव्हाचे नाव घेतात, त्याचा करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला, आणि झाड तर त्यापूर्वीच पुण्यात उभे होते! मात्र १९५१ सालीही अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज दिले होते. तेव्हा बी गव्हाबरोबर आले असणे शक्य आहे. ते कोणत्या जहाजातून आले, हे सांगणे मात्र कठीण आहे.

परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती उपद्रवी असते असे मुळीच नाही. मिरची, बटाटा, मका, पेरू आणि कराडच्या शेतांत पिकणारा भुईमूग ही सारी मंडळी अमेरिकेतूनच आपल्याकडे आली. मिरचीवाचून आपला स्वयंपाक कसा होत असेल, याची आज कल्पनाही करवत नाही. परंतु मिरचीचे रोप माणसाने लावल्यावाचून सहसा वाढत नाही, आणि एकदा लावले म्हणून शेजारचे माळरान गिळून टाकीत नाही. जी परकी जात माणसाच्या मदतीवाचून पसरते आणि मूळच्या रहिवाशांना हुसकावून लावते, तिलाच शास्त्रज्ञ आक्रमक जात म्हणतात.

गाजरगवताला हे सामर्थ्य कोठून प्राप्त झाले? एक जोमदार झाड १०,००० ते २५,००० बिया देते. बी इतके हलके आणि बारीक असते, की वाऱ्याबरोबर उडते, पाण्याबरोबर वाहते आणि चिखलाबरोबर बैलगाडीच्या चाकाला व जनावरांच्या खुरांना चिकटते. ओल मिळताच ते वर्षातून केव्हाही रुजते आणि साधारण महिनाभरात फुलावर येते. त्याच्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून अशी द्रव्ये जमिनीत उतरतात, की आसपासची दुसरी रोपे खुरटतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. चारा नसताना एखाद्या म्हशीने ते खाल्लेच, तर तिचे दूध कडवट होते. माणसाच्या अंगाला त्याचा वारंवार स्पर्श झाल्यास कातडीवर खाज सुटून चट्टे उठतात. काहींना त्याच्या परागांमुळे शिंका व दमा यांचा त्रास होतो. एवढे असूनही मूळ देशी हे झाड कह्यात राहते, कारण तेथे त्याची पाने खाणारे किडे आणि त्याला रोगट करणाऱ्या बुरशा आहेत. ते समुद्र ओलांडून आले. त्याचे शत्रू मात्र मागेच राहिले.

आक्रमक वनस्पतींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ केवळ झाडे मोजीत नाहीत. ती नेमकी कोठे उगवली आहेत आणि कोठे नाहीत, हेही पाहतात. त्यांची एक रीत अगदी साधी आहे. चार काठ्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट करावयाची. पुणे-बंगळूर महामार्ग कराडवरून जातो. त्याच्या कडेपासून माळाकडे सरळ रेषेत चालत जावयाचे, ठराविक अंतरावर चौकट जमिनीवर ठेवावयाची आणि तीत कोणती रोपे किती आहेत, याची नोंद करावयाची. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या काठीही असेच करता येते. या नोंदी नकाशावर मांडल्या, की वनस्पतीने कोणती वाट धरली ते उघड होते. रस्ता, कालवा, नव्याने खणलेला चर, घर बांधण्यासाठी उकरलेली जमीन, याच तिच्या वाटा होत. जेथे मारवेल, पवना यांसारख्या देशी गवतांची दाट वीण शाबूत आहे, तेथे तिला शिरकाव करणे जड जाते. गाजरगवत आधी येऊन गवत नाहीसे झाले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो: गवत अतिचराईने वा खणण्याने आधी गेलेले असते, आणि मोकळ्या जागी हा पाहुणा पथारी पसरतो.

यामुळेच साताऱ्याजवळील कास पठारासारख्या ठिकाणी रस्त्यांची चिंता अधिक वाटते. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात तेथे पावसाळ्यात सुमारे ८५० जातींच्या फुलझाडांची वस्ती आढळते. जिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ती वायतुरा नावाची पाणवनस्पती जगात केवळ सह्याद्रीतील मोजक्या सड्यांवर सापडते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचाही समावेश जागतिक वारशाच्या स्थळांत झाला आणि पाहणाऱ्यांची वर्दळ वाढली. प्रत्येक मोटारीच्या चाकाला माती असते, आणि मातीत काय दडले आहे ते कोण सांगणार? सडा म्हणजे सभोवार दऱ्या असलेले एक बेटच. तेथली जात हटली, तर तिला सरकून जावयास दुसरी जागा नसते.

गाजरगवताचा शत्रूच त्याच्या माहेरून आणावा, असे शास्त्रज्ञांच्या मनात आले. १९८३ साली मेक्सिकोतून एक लहानसा भुंगेरा बंगळूरला आणण्यात आला. त्याच्या पिवळट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी पट्टे असतात. परीक्षा पाहून १९८४ मध्ये तो मोकळा सोडण्यात आला. पावसाळ्यात तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करू लागल्या. आणि मग कर्नाटकातील काही शेतांत हा भुंगेरा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला! शेतकरी धास्तावले. एक उपद्रव मोडण्यासाठी आपण दुसरा तर घरात घेतला नाही ना? ही भीती रास्त होती. अशा कामात घाईने केलेल्या चुका जगात ठिकठिकाणी घडल्या आहेत. १९९१ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. प्रयोगांत असे दिसले, की शेजारच्या गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या ओळखीच्या चवीला भुलून भुंगेरा पान कुरतडतो. सूर्यफुलावर त्याचा वंश मात्र वाढत नाही. त्यामुळे त्याच्यावरील संशय निवळला. परंतु या भुंगेऱ्याचीही मर्यादा आहे. पाऊस सरला की तो जमिनीत शिरून निद्रिस्त होतो. गाजरगवत मात्र कालव्याच्या ओलीवर बाराही महिने उगवत राहते.

दुसरा उपाय रिकामी जागा रिकामी न ठेवण्याचा. टाकळ्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतीचे बी पावसाच्या तोंडी पेरले, तर गाजरगवताच्या रोपांना ऊन व जागा मिळत नाही. टाकळ्याच्याच गोतातील एका जातीने कर्नाटकात त्याला पुष्कळ ठिकाणी मागे सारले. गंमत अशी, की ही जातदेखील अमेरिकेतूनच आलेली! तेव्हा हा उपाय योजताना आपल्या मातीतील वनस्पती निवडणेच शहाणपणाचे ठरते.

उपटणे हा सर्वांत जुना उपाय, आणि तो करण्याची वेळ अचूक साधावी लागते. जमीन ओली असावी, म्हणजे झाड मुळासकट येते. फुले लागण्यापूर्वी ते काढावे. फुलांवर आलेले झाड ओढून नेणे म्हणजे वाटभर बी पेरीत जाणे होय. हातांत मोजे हवेत, नाकावर फडके हवे. फुलापूर्वी उपटलेल्या रोपांचे खड्ड्यात चांगले खत होते. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवताविषयी जागृतीसाठी पाळला जातो. पावसाळ्याच्या या दिवसांत जमीन मऊ असते आणि भुंगेराही कामात असतो.

मात्र एका पावसाळ्यात जागा स्वच्छ झाली, तरी खाली पुरले गेलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून अभ्यासक आपली चौकट ज्या जागी ठेवतात, तेथे खुणेचा दगड रोवून येतात. पुढच्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडला, की त्याच दगडाशी येऊन ते पुन्हा मोजणीस बसतात.